अर्धी मंजूर गच्ची

त्या कार्यालयात चौथा मजला ही जागा नव्हती, शिक्षा होती. वर फक्त गच्ची, आणि गच्चीवर दिवसभर ऊन. साहेबांना जो उलट बोले, त्याचं टेबल दुसऱ्या दिवशी चौथ्यावर जाई. इंजिनिअर असाच वर पोचला होता. आवक-जावक सांभाळणाऱ्या काकू मात्र कुणाला काही न बोलताच आल्या. खाली जागा नव्हती, एवढंच. गेल्या उन्हाळ्यात त्यांना दोनदा भोवळ आली.

"आणखी एक उन्हाळा नाही निघायचा माझ्याच्याने. नोकरी सोडते," त्या म्हणाल्या.

"थांबा हो काकू! गच्चीवर झाडं लावू," इंजिनिअर म्हणाला आणि थेट साहेबांकडे गेला.

साहेब हसले. "छपरावर गवत? आणि म्हशी कुठे बांधायच्या?"

"साहेब, स्लॅब तापतो म्हणून खोली तापते. वर पाणी न झिरपणारा थर, त्यावर हलकी माती, जाड पानांची झाडं. ऊन ती झेलतील. एसी कमी चालेल, वीज वाचेल. पावसाचं पाणीही माती धरून ठेवेल, एकदम रस्त्यावर ओतणार नाही. इमारत वजन पेलते, मी तपासलंय."

साहेबांनी अर्धी गच्ची मंजूर केली. पूर्ण काही मंजूर करायची तिथे पद्धतच नव्हती.

त्या अर्ध्यावर झाडं लागली, आणि उन्हाळा आला. काकूंनी राजीनामा लिहून खणात तयार ठेवला. एका दुपारी साहेब अचानक वर आले आणि दारातच थबकले. अर्धी खोली ओस, आणि सगळी टेबलं उरलेल्या अर्ध्यात एकमेकांना खेटून!

"हा काय बाजार मांडलाय?"

"छताला हात लावून बघा ना, साहेब," काकू म्हणाल्या.

साहेब बूट काढून मधल्या कडेच्या टेबलावर चढले. ओस बाजूच्या छताला तळवा टेकवला. "आई गं!" मग दुसऱ्या बाजूला टेकवला, तो काढेचनात. "अहो, गार आहे! खरंच गार!"

"मग उरलेली अर्धी?" इंजिनिअरने विचारलं.

"आत्ताच! कागद आणा!"

टेबलावर उभ्याउभ्याच सही झाली! काकूंनी राजीनामा टराटरा फाडला. "आता मला इथून हलवून तर बघा!"

महिन्याभरात वर बदली मागणारे नऊ अर्ज आले. उलट बोलणाऱ्यांना पाठवायला मजलाच उरला नाही, त्यामुळे साहेबांना हल्ली त्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

नागरिकहो, आपण गच्ची उन्हाला देऊन टाकतो आणि तीच उष्णता हुसकायला वीज जाळतो. शहरात झाडांना जागा नाही, असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी एकदा जिना चढून वर जावं. जागा तिथे आहे, रिकामी, आणि आपल्याच डोक्यावर!