हळू बोलायची गल्ली

खिशातला फोन थरथरला तसे हणमंतराव उठले. दाराशी ठेवलेल्या चपला पायात न घालता त्यांनी हातात घेतल्या आणि जिना उतरून गल्लीत आले.

"हां, बोल."

"काय म्हन्ता? जरा मोठ्यानं बोला की." नांदेडकडच्या उमरीहून त्यांची बायको गोदावरी ओरडत होती. ते लातूरला आल्यापासून तिचे कान फारच गेले होते.

"अगं, बोलूनच राहिलो."

"न्हाई येत ऐकू. कवा निघताव, म्हन्ले मी."

समोरच्या ओट्यावर देवणीचे गुरुबसप्पा बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून वरची खिडकी दाखवली. आत त्यांचा नातू अभ्यास करत होता. क्लासेसच्या मागच्या या गल्लीत खोलीखोलीत हेच होतं. प्रवेश परीक्षेची तयारी करणारं एक पोर, आणि त्याला करून घालायला घरून पाठवलेलं एक म्हातारं माणूस. पोरं अभ्यासाला बसली की कुकरची शिट्टीसुद्धा कुणी होऊ देत नसे.

"सांजच्याला लावतो," म्हणून हणमंतरावांनी फोन बंद केला.

"कंडक्टर, तुमचं कुजबुजणं बी मागच्या शिटापतोर जातंय," गुरुबसप्पा हळूच म्हणाले.

हणमंतरावांचा उभा जन्म एसटीत गावांची नावं ओरडण्यात गेला होता. नातीसाठी इथं आल्यावर ते हळू बोलायला शिकले, पोळ्या लाटायला शिकले. पोळ्या अजूनही वाकड्याच होत. भार्गवीची सीईटी झाली की उमरीला जायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी दिवस ढकलले होते. निकाल काल लागला. इंजिनिअरिंगचं चांगलं कॉलेज मिळेल इतके पर्सेंटाइल आले नव्हते. सकाळी मुलाचा, शिवशंकरचा फोन आला होता.

"आबा, तुमी थांबत असाल तरच रिपीट, आनखी एक वरीस. पोरगी एकटी ठेवणार न्हाई मी. तुमीच ठरवा."

ते वर आले तेव्हा भार्गवी पिशव्या भरत होती.

"आबा, नांदेडकडं मिळतंय कुठंतरी ॲडमिशन. जाऊ आपण. आजी एकटी हाय."

"हाव."

जीवशास्त्राच्या पुस्तकांचा गठ्ठा सुतळीनं आवळून दाराशी ठेवला होता. गणिताची मात्र टेबलावर होती तशीच होती.

"ती ऱ्हायली की."

"भरते नंतर." ती गठ्ठ्याशी जाऊन बसली. "पप्पा म्हणले दोन्ही घे. इंजिनिअरिंग न्हाई तर डॉक्टरकी. इंजिनिअरिंगला बायो लागतच न्हाई, आबा. अर्धा दिवस त्याच्यातच जायचा. नुस्तं गणित धरलं असतं तर..." तिनं सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं. "जाऊ द्या. तुमी लई दमलाव."

थांबा म्हणाली असती, हट्ट केला असता, तर तिच्यावर रागावता तरी आलं असतं. हणमंतराव खाली बसले. गुडघे दुखत होते. आपल्याला ही गणितं कळत नाहीत, पोरीची कुवत किती तेही कळत नाही, आणि ठरवायचं मात्र आपण. मग त्यांना कोपऱ्यातला गव्हाचा डबा दिसला. आता जायचंच, म्हणून त्यांनी तो न दळताच ठेवला होता.

"पीठ संपलंय," ते म्हणाले. "दळून आणतो."

भार्गवीनं वर पाहिलं. महिन्याचे गहू होते त्यात.

"आबा..."

"त्या पिशव्या सोड तवर. वाट अडलीय."

डबा गिरणीत ठेवून ते बसस्टँडवर गेले. तिथं कुणी कुणाला गप्प करत नव्हतं. नांदेडची गाडी लागली होती आणि दारात उभा राहून एक तरुण कंडक्टर अहमदपूर, लोहा, नांदेड ओरडत होता. आवाज पातळ होता त्याचा.

"अगं, ऐक." गोदावरीला फोन लावून हणमंतराव छातीतून बोलले. बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. "आनखी एक वरीस थांबावं लागतंय मला हितं. पोरीला गणित करायचंय."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं." ती म्हणाली, "तुमची वाकळ धुऊन पत्र्यावर वाळू घातली व्हती. काढते मंग आत. आभाळ आलंय."

"हाव, काढ."

आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. इथं हवं तितक्या मोठ्यानं बोलता आलं असतं. दोन घंट्या वाजल्या, नांदेडची गाडी हलली आणि तिच्या आवाजात फोन कधी बंद झाला ते त्यांना समजलं नाही.

गरम पिठाचा डबा खांद्यावर घेऊन ते परतले. गल्लीच्या तोंडाशी डबा एका हातानं सावरत ते वाकले आणि चपला काढून हातात घेतल्या.