बोळक्यातली कीड

त्या सोमवारी अमडापुरात मानवजातीने दातदुखीवर कायमचा विजय मिळवला. विजय दुपारी अडीचपर्यंत टिकला.

पारावर धूरबाबा बसले होते. तापल्या तव्यावर तूप, तुपात चिमूटभर 'हिमालयी भस्म', वर नरसाळं आणि नरसाळ्याची नळी थेट दुखणाऱ्या तोंडात.

"पाताळाची कीड, समुद्राची कीड, टॉवरच्या रेंजची कीड, एकाच धुरात बाहेर!" बाबा गरजत. माणूस परातीत थुंके. पाण्यात बारीक, पांढऱ्या, वेटोळ्या अळ्या तरंगत. गर्दी हात जोडी.

सहा वर्षांच्या छकुलीला दोन धूर देऊन झाले होते. गाल सुजून डोळा मिटत आला होता, अंग तापलं होतं. निरोप मिळताच दातांच्या डॉक्टर महामाया चिखलीहून धावत आल्या.

"काका, आत्ता चला. गाडी उभी आहे. हा गालातला पू डोळ्यामागं गेला त पोरगी हातची जाईन."

"तिसरा धूर राह्यला," छकुलीचे आजोबा उकंडराव हलेनात. "अन् मॅडम, शाळेत तपासाले आल्या तवा तुमीच म्हनलं ना, दाढेले कीड लागली? बाबानं चवदा काढल्या. तुमाले एक तरी दिसली काय?"

गर्दी हसली. शब्द डॉक्टरांचाच होता.

छकुली कण्हली. डॉक्टरांची नजर रांगेत गाल धरून बसलेल्या म्हाताऱ्या सत्यभामाबाईंवर गेली.

"बाबा, आधी या आजीची काढा. लवकर."

बाबांनी न बघताच नळी खुपसली. आजी थुंकल्या.

"सात!" बाबा ओरडले. "जुनाट कीड! दाढेत वस्ती करून होती!"

"आजी, आ करा," डॉक्टर म्हणाल्या.

आजींनी आ केला. आत नुसत्या हिरड्या.

"दहा वर्सं झाले सगळे पडून, हिरडी ठनकते म्हून आली," आजी म्हणाल्या. "कोन्या दाढेत होती म्हनता, बाबा?"

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी भस्माची पुडी तळहातावर उलटी केली. राखेत चपट्या पिवळ्या बिया होत्या.

"भुईरिंगणीच्या, त्या काटेरी रानझुडपाच्या. तापल्या की फुटतात, आतला पांढरा कोंब धुरासंगं तोंडात उडते. चूक माह्यी बी आहे, मी 'कीड' म्हनलं. ते जंतू आहेत, डोळ्याले दिसतच नाहीत. गोड आलं की त्यांची जनुकं जागी होतात. काही साखर आत ओढायले लावतात, काही तिचाच चिकट थर बनवायले. त्या थराखाली आम्ल साचते अन् दाढ विरघळते. धुरानं तो थर निघत नाही. घासल्यानं निघते."

उकंडरावांनी नात उचलली आणि गाडीकडे पळाले.

वाचकहो, विनंती एवढीच: कोणी अळी दाखवली, तर आधी दात कुठे होता ते विचारावं.

चिखलीत पू निघाला, दाढ निघाली. दाढ दुधाची होती; तिच्या जागी नवी येणार होती.