तेलुआवरचा राब

१९ मे रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तेलुआ बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर धूर दिसला. सात पंचवीसला समोरच्या मोठ्या बेटावरून पहिली नाव आली. आठच्या आत आणखी दोन. तिन्ही नावांत मिळून एकेचाळीस माणसं होती. त्यांत सलाइनच्या बाटल्या घेतलेली एक नर्स, शवपेटीसाठी फळ्या आणि हातोडे घेतलेले दोन सुतार, एक पाद्री आणि रडायच्या तयारीने आलेल्या आठ बायका होत्या.

धूर करणारे भिवाजी, वय अडुसष्ट, राहणार पोशीर, तालुका कर्जत. ते कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात काठी घेऊन आगीच्या कडेला उभे होते. फळ्या उतरताना बघून त्यांनी मुलाला विचारलं, "कोण गेलं रं?"

"तूच गेलास असं वाटतंय त्यांना," कमलेश म्हणाला.

तेलुआ हे इंडोनेशियाच्या पूर्वेला, मालुकूच्या शेकडो बेटांपैकी एक. फोन तिथे एकाच झाडाखाली लागतो, तोही वारा पडला तर. म्हणून मदत हवी असेल तर किनाऱ्यावर धूर करायचा आणि समोरून नावा यायच्या, ही तिथली जुनी रीत. धूर जितका दाट तितकं संकट मोठं. भिवाजींनी केला तितका दाट धूर त्या किनाऱ्यावर कोणाच्या आठवणीत नव्हता.

कमलेश चौतीस वर्षांचा. आठवडाभर खोपोलीच्या कारखान्यात नोकरी, रविवारी मुंबईच्या माणसांना कोंडाण्याची लेणी दाखवून राजमाचीला नेणं. नेरळ ते कर्जत हेच काम करणारे आणखी अकरा जण आहेत. गेल्या पावसाळ्यात लेण्यांच्या वाटेवर दुसऱ्याच्या गटातल्या एका बाईंनी त्याला "भाऊ, रांगेत या" असं सांगितलं. तो घरी आला आणि रांग नसलेली जागा नकाशात शोधू लागला. एका व्हिडिओत दिसलेलं तेलुआ नकाशात नव्हतं. तीच खूण त्याला पटली.

अडचण एक होती. तेलुआच्या गावप्रमुखाने होकार दिल्याशिवाय कुठलाही नावाडी परक्या माणसांचा गट तिथे उतरवत नाही. गावप्रमुखाला तिथे राजा म्हणतात. कर्जत आणि खोपोलीतली बारा माणसं ऑक्टोबरच्या सहलीसाठी तयार होती. कमलेशने त्यांना "राजाची परवानगी आणतो" असा शब्द दिला होता. तो एक होकार आणायला तो निघाला होता.

सोबत त्याचा मित्र नवीन येणार होता, पण त्याचं लग्न ठरलं. "एकटा समुद्रात जायाचं नाय," कमलेशच्या आईने, बायजाबाईंनी सांगितलं. "बाबाला ने. पासपोर्ट हाय त्याचा." तो पासपोर्ट मस्कतला मुलीकडे, समिधाकडे जाण्यासाठी काढला होता आणि एकदाच वापरला होता. तेलुआवर पोहोचल्यावर कमलेशने मोठी बॅग उघडली तर आत चार किलो तांदळाचं पीठ, सुका जवळा आणि लाल मसाला निघाला.

"माझा तंबू कुठाय?"

"पडवीत हाय," भिवाजी म्हणाले. "नीट झाकून ठेवलाय."

राजा भेटायला आला तेव्हा अर्ध्या चड्डीवर, खांद्यावर मासे लटकवून आला. "हा राजा?" भिवाजींनी विचारलं. "आपला पोलीस पाटील बरा." मात्र राजाच्या घरामागे, किनाऱ्यालगतच्या डोंगरउतारावर भाताची जमीन बघून त्यांनी खाली बसून मूठभर तण उपटलं. रोप टाकायचे दिवस आले होते आणि जमीन भाजलेली नव्हती. शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून, वर मातीचा थर देऊन जमीन भाजायची, म्हणजे तण मरतं आणि रोप जोरात येतं. याला पोशीरमध्ये राब म्हणतात. स्वतःचा राब भाजूनच भिवाजी घरून निघाले होते.

"पावण्याच्या शेतात एवढं तण? बघवत नाय रं," ते म्हणाले.

"बाबा, आपण फिरायला आलोय."

"तू फिर."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी राजाच्या शेताचा एक तुकडा निवडला. शेण कुठे मिळेल हे त्यांनी खुणांनी विचारलं. त्या खुणा बघून गावातल्या पोरी पळाल्या. शेवटी त्यांनी नारळाच्या सुक्या झावळ्या, जायफळाचा पाला आणि बकऱ्यांच्या लेंड्या रचल्या, वर माती टाकली आणि रीतीप्रमाणे वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवलं. आग सावकाश आत सरकली. धूर सरळ वर गेला.

नावा आल्यावर राजाने समुद्राकडे पाठ करून जमलेल्या लोकांना विचारलं, काय करायचं? दुभाषी होत्या मार्थाबाई, शाळेच्या शिक्षिका. आठवड्याचे पाच दिवस तेलुआवर राहणाऱ्या आणि शनिवार-रविवार समोरच्या बेटावर. त्यांचं इंग्रजी कमलेशला कळत होतं. नियम असा की विनाकारण धूर करणाऱ्याने, आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं.

कमलेशने घाबरत घाबरत वडिलांना सांगितलं.

"मग? बरोबरच हाय," भिवाजी म्हणाले. "लावणीला माणसं बोलावली का जेवण आपलंच. पीठ काढ."

पत्र्यावर भाकऱ्या झाल्या. जवळ्याची चटणी झाली. पाद्रीबाबांनी दोनदा घेतली आणि डोळे पुसले. रडायला आलेल्या बायकांना भाकरी हातावर थापायची होती. त्यातल्या एकीला पहिल्याच फेरीत जमली आणि तिने बाकीच्यांना नावं ठेवली. अकरा वाजता चुलीचा धूर बघून चौथी नाव आली. तिच्यात सहा माणसं होती. त्यांनाही वाढलं.

संध्याकाळी कमलेशने परवानगीचा विषय काढला. राजाने आधी भिवाजींना विचारलं, जमीन का जाळली? भिवाजींनी सांगितलं. कमलेशने ते इंग्रजीत सांगितलं, मार्थाबाईंनी तिथल्या बोलीत. सांगता सांगता ते लांबत गेलं. गावकरी मधे मधे हसले. शेवटी राजा म्हणाला की भाजलेल्या तुकड्यात आणि शेजारच्या न भाजलेल्या तुकड्यात एकच बी, एकाच दिवशी, तो स्वतःच्या हाताने टाकेल. एकवीस दिवसांनी बघेल. भाजलेल्यातलं रोप उंच असेल तर बारा माणसांनी यावं.

"आणि नसेल तर?" कमलेशने विचारलं.

मार्थाबाईंनी राजाचं उत्तर सांगितलं: जो आपल्या शेताबद्दल खोटं बोलतो तो आमच्या बेटाबद्दलही खोटं बोलेल.

२० मे रोजी बी पडलं. २२ मे रोजी बापलेक निघाले. नेरळ स्टेशनवर उतरल्यावर, पोशीरच्या रिक्षात बसताना भिवाजी म्हणाले, "शेण नव्हतं रं."

"म्हणजे?"

"बकरीच्या लेंड्यांचं मी कधी केलं नाय. येतंय का नाय, मला काय माहीत."

"मग राजाला सांगितलं का नाय?"

"त्यानं विचारलं कुठं?"

कमलेशने रिक्षातच फोन काढला. बारा माणसांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याने "परवानगी अंतिम टप्प्यात" एवढंच टाकलं.

मार्थाबाईंकडून पहिला फोटो २८ मे रोजी आला. दोन्ही तुकड्यांत हिरवं टोक दिसत होतं, सारखंच. दुसरा ३ जूनला आला. डावीकडचं रोप दोन बोटं उंच होतं. डावं कुणाचं, हे फोटोवरून कळत नव्हतं. पोशीरच्या हिरूकाकांनी चष्मा लावून बघितला आणि समुद्र दिसत नाही म्हणजे फोटो समुद्राकडून काढलाय, असं सांगितलं.

"समुद्रात उभं राहून?" बायजाबाईंनी विचारलं.

"नावेतून."

"नावेतून रोपाचा फोटो काढतात का, भावजी?"

भिवाजींनी मातीचा रंग बघून डावा तुकडा आपला असल्याचं सांगितलं. कमलेशने फोटो मोठा केला. माती दोन्हीकडे काळीच होती. भिवाजी उठून स्वतःच्या शेतावर गेले, आपल्या राबातलं रोप बघून आले आणि पुन्हा डावाच म्हणाले, पण या वेळी जरा हळू.

१० जूनला, एकविसाव्या दिवशी, मार्थाबाईंचा निरोप आला. आदल्या दिवशी राजाचं डुक्कर कुंपण तोडून आत शिरलं होतं. न भाजलेल्या तुकड्यातलं सगळं रोप त्याने खाल्लं. भाजलेलं रोप उभं होतं, पण ते उंच कशाहून, हे आता ठरवता येत नव्हतं. राजाने रविवारी बैठक बोलावली होती.

"जिंकलो," भिवाजी म्हणाले.

"डुकरानं जिंकवलं," कमलेश म्हणाला.

"डुकराला कळतंय. आपल्या रोपाला लेंड्यांचा वास येत हाय म्हणून सोडलं त्यानं." हे बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की यात राबाची तारीफ नव्हती.

रविवारी बैठकीचा निरोप आला नाही. मार्थाबाई शाळेच्या मोठ्या सुट्टीसाठी समोरच्या बेटावर होत्या. सोमवारी, १५ जूनला, पोशीरला सकाळचे साडेसहा आणि तिथे दहा वाजले असताना त्यांचा एक फोटो आला. समुद्र, पलीकडे तेलुआ आणि पश्चिम किनाऱ्यावर सरळ वर गेलेला दाट धूर. खाली लिहिलं होतं: तीन नावा निघाल्यात, सुतारही आहेत, मीही जाते.

कमलेशने फोन वडिलांच्या हातात दिला. भिवाजींनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, फोन आडवा केला, मग उभा केला.

"राबच हाय," ते म्हणाले. "राजानं दुसरा तुकडा भाजायला घेतलाय. पुन्यांदा बघणार तो, जोडीनं."

"का कुणी खरंच गेलं?"

"पेटवलंय कुठल्या बाजूनं ते दिसू दे. वाऱ्याच्या उलट असंल तर राब. नायतर..." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "वारा कुठनं हाय तिथं?"

फोटोत वारा दिसत नव्हता. कमलेशने मार्थाबाईंना लिहिलं: राब आहे की संकट? बायजाबाईंनी तोवर तांदळाचा डबा गिरणीत पाठवला होता. काहीही असलं तरी जेवायला माणसं येणारच, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मंगळवारी दुपारी चारपर्यंत कमलेशच्या प्रश्नापुढे एकच टिक होती. बारा जणांच्या गटावर कोणीतरी "काय झालं?" विचारलं होतं.