हिदायाच्या लसणाचं उखळ

मी उखळ बोलतोय. लुशोटोच्या डोंगरातल्या एका टणक बुंध्यातून मला कोरलं, ते मका आणि कसावा या कंदाचा पाला कुटण्यासाठी. माझ्यात लसूण पडला तो हिदायामुळे.

नवरा वारल्यावर तिच्या वाट्याला उतारावरचा टोमॅटोचा एक तुकडा आला. आमच्याकडे पावसाळ्यात धुकं दुपारपर्यंत हलत नाही. पानं ओली राहतात आणि करपा येतो. आधी पानावर भिजल्यासारखा डाग, मग पानाखाली पांढरी लव, आणि आठवड्याभरात सगळं झाड काळं. बाजारातलं औषध फवारलं की हिदायाच्या हातांना फोड यायचे. म्हणून शेतीशाळेत शिकवलेलं ती करू लागली.

दर सोमवारी ती माझ्यात लसूण आणि रानझेंडूचा पाला कुटायची. ते पाण्यात एक दिवस भिजवून, फडक्याने गाळून, पानांच्या खालच्या बाजूने फवारायची. जमिनीला टेकलेली पानं खुडायची, झाडांखाली वाळलं गवत पसरायची. एक डाग दिसला तरी ते पान लांब नेऊन पुरायची.

शेजारचं शेत तिच्या दिराचं, शेमबिलूचं. तो बांधावरून विचारायचा, "वहिनी, टोमॅटो पिकवताय की रस्सा शिजवताय?"

"भावजी, वास आला तर नाक धरा. डाग दिसला तर मला हाक मारा."

दोन हंगाम तिचं शेत हिरवंगार राहिलं. तिसऱ्या वर्षी पाऊस थांबेचना. शेमबिलूच्या बांधालगतच्या ओळीवर डाग पडले. हिदाया धावत गेली.

"भावजी, ही ओळ आजच उपटून पुरून टाका. नाहीतर वाऱ्याबरोबर सगळ्यांकडे जाईल."

"फळं धरलेली झाडं उपटू? वेड लागलंय का तुम्हाला?"

"एक ओळ जाईल, बाकीचं वाचेल हो!"

"आता बायकांनी मला शेती शिकवायची तेवढी राहिली होती!"

त्याची बायको म्वाजुमा मागे उभी होती. तिने मान वर केली नाही.

हिदाया दर दोन दिवसांनी कुटू लागली. मुसळ हातातून निसटायचं, तरी थांबायची नाही. नवव्या दिवशी तिच्या शेतात डाग आले. खाली आणखी चार बायकांची शेतं होती. त्यांच्यासाठी तिने दुपारपर्यंत आपलं सगळं शेत, हिरव्या फळांसकट, स्वतःच्या हातांनी उपटून खड्ड्यात पुरलं.

पण शेमबिलूची ओळ तशीच उभी होती. त्या चौघींचीही शेतं गेली. मशिदीच्या पायरीवर बसून शेमबिलू म्हणाला, "लसणाच्या पाण्यानेच रोग आणला. म्हणून तर तिने घाईघाईने सगळं पुरलं." लोकांना ते पटलं. त्या चौघींनी तिच्याशी बोलणं टाकलं. हिदाया डोंगर उतरून समुद्रकिनाऱ्यावर लेकीकडे निघून गेली.

मला म्वाजुमाने आपल्या अंगणात आणलं. वासामुळे माझ्यात कुणी काही कुटेना. कोंबड्या माझ्या काठावर बसू लागल्या.

काही दिवसांपूर्वी शेमबिलू बाजारात गेलेला असताना म्वाजुमाने माझ्यात लसूण टाकला. दुसऱ्या हातात टोमॅटोचं पान होतं, ते तिने काठावर ठेवलं. पानाखाली पांढरी लव! अगं, लसूण रोग येण्याआधी फवारायचा असतो. आलेला रोग त्याने परत जात नाही. आधी ती झाडं उपट! पण उखळाचं कोण ऐकतं? तिने जीव तोडून कुटलं, जीव तोडून फवारलं. आठ दिवसांत शेत काळं पडलं.

"बघितलंस तुझ्या जावेचं औषध?" शेमबिलू ओरडला. "फोडून चुलीत घाल ते उखळ!"

वाचणाऱ्यांनो, लसूण कुटायचा असेल तर पान हिरवं असताना कुटा. आणि शेजारीण रोगट झाड उपटा म्हणाली, तर त्याच दिवशी उपटा.

म्वाजुमा कुऱ्हाड घेऊन येते आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. पण नवऱ्याचा शब्द तिने आजवर मोडलेला नाही.