एका माणसाची तीन दरपत्रकं

पुस्तकं फुटानं घ्यायची असतात, हे अख्तरबानूला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळलं. तोवर ती नावानं घ्यायची. अडाणीपणा, दुसरं काय.

धायरीतल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजची ती ग्रंथपाल. कॉलेजची जमीन हिंदुरावांची, इमारत हिंदुरावांची आणि संस्थेचं अध्यक्षपदही हिंदुरावांचंच. कारण एवढं सगळं दिल्यावर तेवढं एक दुसऱ्याला देणं बरं दिसलं नसतं. पूर्वी त्या जागेत ज्वारी यायची, आता इंजिनिअर येतात. भाव ज्वारीला बरा होता, असं हिंदुराव खाजगीत म्हणत.

एप्रिलात तपासणी समिती येणार होती आणि पुस्तकांचं अनुदान मार्चअखेर वापरलं नाही तर परत जाणार होतं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी हिंदुराव स्वतः ग्रंथालयात आले. ही त्यांची तिथली दुसरी भेट. पहिली उद्घाटनाची. शेजाऱ्याच्या रिकाम्या प्लॉटकडे बघावं तसे डोळे बारीक करून त्यांनी कपाटांकडे बघितलं.

"किती पडीक हाय?"

"अठरा फूट," प्राचार्य श्रीधर सर म्हणाले. त्यांनी सकाळीच टेप लावून मोजलं होतं.

"मग भरा की."

"साहेब, माझ्याकडे यादी आहे," अख्तरबानू म्हणाली.

यादी खरंच होती. काउंटरवर तिने बुटांचा एक खोका ठेवला होता. जे पुस्तक मिळालं नाही त्याची चिठ्ठी मुलांनी त्यात टाकायची. वर्षभराच्या चिठ्ठ्या लावून एकशे बारा पुस्तकं निघाली होती. थर्मोडायनॅमिक्सच्या एका पुस्तकाला एकोणीस चिठ्ठ्या. त्यातल्या सात एकट्या संपत नावाच्या पोराच्या, आणि सातवीत 'कृपया' तीनदा. यंदा आकाश कोसळलं तरी चालेल, पण ही एकशे बारा आली पाहिजेत, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

"यादी किती फुटाची?"

"चार फूट भरेल."

"मंग ऱ्हायलेल्या चौदा फुटात काय शेवगा लावू?"

यावर श्रीधर सर मोठ्यानं हसले. ते पगारी होते.

दुसऱ्या दिवशी पुस्तकविक्रेता अनंत आला. गोरा, गुळगुळीत माणूस. बोलताना हात असे चोळायचा, जणू नुकतंच काहीतरी खाऊन उठलाय आणि टॉवेल मिळत नाहीये. त्याने 'लायब्ररी सेट' आणला होता: अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, खंड एक ते चाळीस, सोनेरी अक्षरं, सगळे एका उंचीचे.

अख्तरबानूचे वडील चांदभाई मंडईमागे बाइंडिंगचं काम करायचे. पुस्तक हातात आलं की ती आधी पाठ दाबून बघते. खंड सहाची पाठ दाबली तर आतून ओलसर, आंबट वास आला, पान उलटताना बोटाला चिकट लागलं आणि चार पानं तिच्या मांडीवर उतरली. तिने ती वाचली. कोंबड्यांच्या खुराड्यात हवा कशी खेळती ठेवावी, याबद्दल होती.

"हे कुक्कुटपालन आहे."

"सहापासून पुढे आहे थोडं," अनंत म्हणाला. "मॅडम, समिती कपाट बघते. पान नाही बघत. सोळा कॉलेजांना दिलाय हा सेट, आजवर एक कोंबडी सापडली नाही कुणाला."

तिने हात धुतले. वास गेला नाही.

खरेदीचा नियम असा की तीन दुकानांची बंद दरपत्रकं हवीत आणि ती उघडताना तिघांचे प्रतिनिधी हजर हवेत. बैठकीला अनंत तीन पाकिटं घेऊन एकटाच आला.

"तिघं पाहिजेत हो," श्रीधर सर कुरकुरले.

"आहेत की!" असं म्हणून अनंतने हजेरीच्या कागदावर तीन पेनांनी तीन सह्या केल्या. पहिलं दुकान त्याचं, दुसरं बायकोचं, तिसरं सासूबाईंचं. सासूबाई वारल्या होत्या, पण दुकान चालू होतं. मग त्याने तीन खुर्च्या ओळीनं मांडल्या. पहिल्या खुर्चीत तो तसाच बसायचा, दुसरीत चष्मा लावून आणि तिसरीत मफलर गुंडाळून. मार्चातल्या दुपारी.

अख्तरबानूने श्रीधर सरांकडे बघितलं. सर कागदावर 'तिन्ही प्रतिनिधी उपस्थित' लिहीत होते. हिंदुराव घड्याळ बघत होते. तेवढ्यात मथुराबाई चहाचं विचारायला आल्या.

"किती आणू?"

"सहा," सर म्हणाले.

मथुराबाईंनी माणसं मोजली. पुन्हा मोजली. चार. "सहा तर सहा," म्हणाल्या आणि गेल्या. अनंतने तिन्ही कप ज्या त्या खुर्चीत बसून प्यायले. दुसऱ्याने साखर नको म्हणून आधी परत पाठवून बदलून घेतला.

पाकिटं उघडली. ठरल्याप्रमाणे पहिला स्वस्त निघाला. अठरा फूट, कोंबड्यांसकट. अख्तरबानूची यादी टेबलावर चहाच्या बशीखाली होती. आता एक तर उठून जायचं, नाहीतर या घाणीत हात घालायचा. तिने खुर्ची पुढे ओढली आणि दुसऱ्या खुर्चीकडे वळली.

"एक विचारायचं होतं. पहिल्यांच्या मालाबद्दल आपलं काय मत?"

अनंत गडबडला. पण चष्मा डोळ्यांवर होता, आणि धंद्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रतिस्पर्ध्याबद्दल मत विचारलं की राहवत नाही.

"मत? रद्दी आहे हो ती. मैद्याची खळ लावतात. झुरळं दोन महिन्यांत सेट संपवतात."

"ऐकलंत?" ती पहिल्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

अनंत उठला, चष्मा काढला, पहिल्या खुर्चीत बसला. "तोंड सांभाळून बोला! तुमचे कोश आठवतात का? 'क' नंतर थेट 'प'!"

पुन्हा उठला, चष्मा. "ती छापखान्याची चूक होती!"

"आणि अनुक्रमणिका? ती बी छापखान्याचीच का?" हे हिंदुराव होते. त्यांना रंग चढला होता.

पुढची दहा मिनिटं दोघं एकमेकांच्या बायकोपर्यंत गेले. बायको एकच असल्याने तिचे हाल झाले. दुसरा पहिल्याच्या अंगावर धावून जायला निघाला तेव्हा हिंदुरावांनी मध्ये हात घातला. "ओ, बसून! बसून बोला!"

ती संधी साधून अख्तरबानूने मफलरकडे मोहरा वळवला. "आपण एवढे शांत. आमची ही यादी द्याल का? एकशे बारा नावं, मूळ प्रकाशकांची, नवी."

धापा टाकत तिसऱ्या खुर्चीत बसलेल्या अनंतला त्या क्षणी फक्त त्या दोघांपेक्षा सभ्य दिसायचं होतं. "देऊ की. पंधरा दिवसांत."

तिने ते लगेच लिहिलं आणि सहीला पुढे सरकवलं. हिंदुरावांनी टेबलावर थाप मारली. गावात बांधाची भांडणं ते अशीच मिटवत.

"भांडणाऱ्या दोघास्नी कायबी नाय. काम तिसऱ्याला. माणूस निवांत हाय."

मुलांची यादी मंजूर झाली होती. अख्तरबानूला आनंद व्हायला हवा होता. ती बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ चूळ भरत राहिली. आपण एका मफलरशी वाटाघाट केली, आणि ती चांगली जमली, हे तिला गिळवत नव्हतं.

बाराव्या दिवशी पाच खोके आले. एकशे बाराच्या एकशे बारा, कोरी, शिवलेल्या बाइंडिंगची. तिने यादीला ताडून बघितली, एकही उणं नाही. आणि तेराव्या दिवशी अध्यक्षांकडे तक्रार आली. तक्रारदार: दुसरा. 'ग्रंथपालांनी तिसऱ्या दुकानास झुकते माप दिले.'

"साहेब, दुसरा म्हणजे अनंतच ना," ती म्हणाली.

"हा, पर त्याचं बी ऐकाय पायजे," हिंदुराव गंभीरपणे म्हणाले. "चष्म्यावाला तसा अभ्यासू वाटला मला. चौकशी हुईस्तोवर माल माघारी द्या."

संध्याकाळी अनंत हात चोळत काउंटरवर आला.

"ही तक्रार तुम्ही केलीत?"

"मी? छे हो! फार वाकडा माणूस आहे तो, मॅडम. किती समजावलं मी. माझ्या हातात नाही तो."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"आपल्या." त्याने एक कागद पुढे केला. चौदा फूट लायब्ररी सेटची पोच: 'तपासून घेतला, उत्तम स्थितीत'. खाली ग्रंथपालाच्या सहीची जागा. "एवढी सही करा, तो गप बसेल. शब्द टाकतो मी. नाहीतर उद्या सकाळी टेम्पो येईल आणि हे खोके उचलेल. तिसरे फार भित्रे आहेत, चौकशीच्या भानगडीत माल ठेवायची तयारी नाही त्यांची. आणि मार्च संपायला राहिले चार दिवस."

"वारलेल्या बाईंना कसली भीती?"

"आपण विनोदी आहात," अनंत न हसता म्हणाला आणि कागद ठेवून गेला.

कागदाला तोच आंबट वास येत होता. सही केली तर मुलांची पुस्तकं राहतील. पण आंबलेल्या खळीला आणि खुराड्यांना 'उत्तम' म्हणणारी अक्षरं तिची असतील, कायमची. तिने कागदाचं टोक दोन बोटांत धरून, मेलेली पाल उचलावी तसा तो टोपलीत टाकला. मग कपाटातून शिक्का काढला.

ग्रंथालयाचा शिक्का बसला की पुस्तक बाजारातून उठतं. कुठलाही विक्रेता ते परत घेत नाही, कारण पुढे ते कुणालाच विकता येत नाही. म्हणून तर नियम आहे: आधी बिल तपासायचं, मग दाखलनोंद वहीत क्रमांक द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी शिक्का. सहा वर्षांत तिने हा क्रम एकदाही मोडला नव्हता. सुट्टीवर असतानाही तिला तो स्वप्नात पडायचा.

"मथुराबाई, जरा थांबता का?"

"धरू का पानं?" मथुराबाईंनी पदर खोचला. "त्या सहा कपाच्या माणसाचं हाय ना हे? मंग बसते."

मुखपृष्ठाच्या आतलं पान, शेवटचं पान, आणि मधलं एक गुप्त पान, ज्याचा आकडा बाहेर सांगत नाहीत. एका पुस्तकाला तीन. ठप, ठप, ठप. रात्री नऊ वाजेस्तोवर दोघींची बोटं जांभळी झाली होती.

सकाळी टेम्पो घेऊन अनंत आला. त्याने वरचं पुस्तक उघडलं. मग खालचं. मग तळाचं.

"मॅडम, हे काय केलंत? आता हे घेणार कोण?"

"कुणीच नाही."

"दुसरे फार चिडतील!"

"पाठवा त्यांना. मी समजावते."

टेम्पो रिकामा गेला. अकरा वाजता श्रीधर सरांचा मेमो आला: नोंदीपूर्वी शिक्के का मारले, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. तिने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: पुस्तके परत जाऊ नयेत म्हणून. मेमो तिच्या फायलीत लागला आणि ती पगारवाढीला मुकली. उरलेल्या चौदा फुटांत हिंदुरावांनी बैलगाडा शर्यतीच्या ढाली मांडल्या. एप्रिलात समितीने त्यांचा 'संदर्भ विभाग' म्हणून गौरवपूर्ण उल्लेख केला. पण ते पुढचं.

त्या दुपारी संपत आला. अख्तरबानूने थर्मोडायनॅमिक्स त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उघडलं, कोऱ्या पानांचा वास घेतला, आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, ही नवी आवृत्ती आहे."

"हो."

"सरांच्या नोट्स जुन्यावरून आहेत. पेपरही त्यातलाच येतो. जुनी नाही का आली?"

तिने त्याच्याकडे बघितलं. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्याकडे मिळून बघितलं नव्हतं इतका वेळ बघितलं.

"सही कर," ती म्हणाली.

"पण मॅडम..."

"सही कर आणि घेऊन जा. पंधरा दिवस हे पुस्तक मला या इमारतीत दिसता कामा नये."