चोर ओळखणारी धार

लाँड्रीचं शटर अर्धं खाली, आत माणसं खच्चून भरलेली, आणि काउंटरमागे खुर्ची टाकून साक्षात धारबाबा. मंत्र पुटपुटत त्यांनी वाडग्यातला पांढरा 'सत्यरस' ढवळला आणि पळीतून बारीक धार सोडली. मग एक सोनेरी दांडी तळहातांवर खसाखसा घासून धारेजवळ नेली. धार दांडीकडे वाकली, घट्ट झाली आणि लोंबकळत राहिली.

शेजारच्या दुकानातला न्हावी डोळे पुसू लागला. त्याला तेवढं निमित्त पुरतं.

झालं असं, की एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशातली अंगठी गेली होती. मालकांनी पोलिसांऐवजी बाबांना बोलावलं, कारण पोलीस मालकांनाही प्रश्न विचारतात.

"ज्याचं मन स्वच्छ, त्याच्याकडे रस झुकतो," बाबा म्हणाले. "चोराकडे ढुंकूनही बघत नाही. त्या इस्त्र्या बंद करा आधी. सत्याला वाफ सोसत नाही."

सत्याला सर्दी होते, हे मला नवीनच होतं.

मालकांनी दांडी घासली, धार वाकली. काउंटरवरच्या काकांनी घासली, वाकली. मग माझी मावशी पुढे आली. ती इथे इस्त्री करते. बादलीत हात बुडवायचा, कपड्यावर शिंपडायचं, इस्त्री फिरवायची, दिवसभर हेच. तिने दांडी घासली. धार सरळ खाली.

"अंगठी दे आणि चालू लाग," मालक म्हणाले.

"अहो, मी कशाला घेऊ? इतकी वर्षं तुमच्याकडे..."

तिचा आवाज फुटला आणि माझं डोकं फिरलं. "मावशी, हात पूस. कोरडे कर अगदी. आणि दांडीही पूस."

"मुली, रस दुसरी संधी देत नाही," बाबा म्हणाले.

"का, त्याला गाडी पकडायचीय?"

लोक हसले. न्हावी म्हणाला, "होऊ द्या की महाराज. बघू तरी."

मावशीने टॉवेलने सगळं पुसलं, दांडी पुन्हा घासली. धार लगेच वाकली.

बाबा डगमगले नाहीत. "पश्चात्तापाने मन धुतलं गेलं तिचं."

"टॉवेलने?" मी बादली मालकांपुढे सरकवली. "मालक, आता तुम्ही हात बुडवा."

सगळे बघत होते. मालकांनी हात बुडवले, दांडी घासली. धार सरळ खाली.

"मालक," न्हावी हळूच म्हणाला, "अंगठी कुठे ठेवलीत?"

मग मी वाडग्याच्या तळाला चमचा घातला. वर तेल, खाली बसलेलं कॉर्नफ्लॉवर. म्हणून तर मंत्र म्हणत ढवळावं लागत होतं. सोनेरी रंग खरवडला, तर आत प्लॅस्टिकचा पाइप. कोरड्या हाताने घासला की त्यावर विद्युतभार साठतो. तो जवळ आला की तेलातल्या पिठाच्या प्रत्येक कणाचं एक टोक धन, दुसरं ऋण होतं. कण एकमेकांना चिकटून साखळ्या बनवतात. धार घट्ट होते, पाइपकडे ओढली जाते. ओल्या हाताने घासलं, तर भार टिकतच नाही. शाळेत आम्ही हे केसांवर घासलेल्या फुग्याने केलंय. फुग्याला कुणी नमस्कार केला नाही.

एवढ्यात बाबा शटरखालून वाकून निघून गेले. रस इथेच राहिला.

"उद्या वेळेवर ये," मालक मावशीकडे न बघता म्हणाले.

"आधी माफी मागा. यांच्यासमोर," मावशी म्हणाली.

मागितली. तोंडातल्या तोंडात मागत होते, तिने पुन्हा मोठ्याने मागायला लावली.

अंगठी कुणी घेतली, मला माहीत नाही. पिठालाही माहीत नव्हतं. पण त्याच्या शब्दावर एका बाईची नोकरी जात होती, आणि आम्ही सगळे बघत उभे होतो. तेव्हा उद्या कुणी चमत्कार दाखवून तुमच्या माणसाला चोर ठरवलं, तर हात जोडू नका. एवढंच म्हणा: पुन्हा करून दाखवा, पण या वेळी आम्ही सांगू तसं.