खिशातच राहिलेला टेस्टर

भिऊ नका, मी झटका देत नाही. झटका बसणार असेल तर आधी सांगतो, तेवढंच माझं काम. दिसायला साधा स्क्रू ड्रायव्हर, पण पिवळ्या मुठीत बारीकसा दिवा आहे. टोक तारेला लावायचं, मुठीच्या टोकावरच्या धातूवर बोट ठेवायचं. तारेत वीज असेल तर दिवा लागतो. टेस्टर म्हणतात मला.

कारखान्यात माझ्यासारखे ढिगानं जन्मतात, त्यामुळे जन्माचं कौतुक सांगत बसत नाही. मला विकत घेतलं एका आईनं. ती दवाखान्यातल्या चादरी धुते. तिच्या धाकटीला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. दुकानदारानं हलक्यातला टेस्टर पुढे केला तर म्हणाली, "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, चांगला द्या." माझी छाती फुगली, खरं सांगतो.

धाकटीचे वडील ओझी उचलून उचलून पाठीनं अधू झालेले. फी कुठून यायची? मग कॉलेज सुटलं की धाकटी एका काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊ लागली. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी, शिवाय लोकांच्या घरचे बिघडलेले बोर्ड. काका माणूस वाईट नाहीत. चहा आला की आधी तिच्यापुढे सरकवायचे. पण घाई अंगात मुरलेली.

आणि घाई त्यांचीच कशाला म्हणा! लोकांची तऱ्हा बघा. बोर्ड दुरुस्तीला बोलवायचं आणि मेन स्विच काही बंद करू द्यायचा नाही. कुणाचा फ्रिज चालू, कुणाची मॅच रंगात आलेली. "तसंच करा ना, तुम्हाला काय, सवय असते," म्हणायला मोकळे. काकांना खरंच सवय होती. पायात रबरी चप्पल घालून ते चालू तारेला बोटाची पाठ हळूच टेकवायचे. मुंग्या आल्या तर वीज आहे, नाही आल्या तर नाही.

"पाठच टेकवायची," त्यांनी तिला शिकवलं. "तळव्यानं धरलंस तर मूठ आवळते, मग सुटत नाही. पाठ लावली की हात आपसूक मागे येतो."

"आणि टेस्टर, काका?"

"काढा, लावा, बघा, ठेवा. तेवढ्यात दुसऱ्या घरचं काम उरकतं."

सुरुवातीला ती मला काढायची. पुढे पुढे काढेनाशी झाली. मी आपला खिशात, किल्ल्यांच्या शेजारी. रुसून कुणाला सांगणार?

वर्गात मात्र धाकटी पेंगायची. सर फळ्यावर आकृती काढताहेत आणि हिची हनुवटी छातीला टेकलेली. लेखी पेपरात दर वेळी काठावर पास. सर एकदा म्हणाले, "दोन डगरींवर पाय ठेवलायस, बाई. पडशील." ती म्हणाली, "सर, एक डगर सोडली तर दुसरीही जाते." सर परत फळ्याकडे वळले.

पण न्यायानं बोलायचं तर दुकानानं तिला दिलंही. शेवटच्या वर्षी एका मोठ्या कारखान्याची माणसं मुलाखती घ्यायला आली. मार्क बघून त्यांनी नाक मुरडलं. मग दुकानातल्या कामाबद्दल विचारलं, तर ही अशी भरभरून बोलली की त्यांनी तिला घ्यायचं ठरवलं. अट एकच, परीक्षा पहिल्याच खेपेत पास व्हायची. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "आता ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन करून घेऊ." वडील किती तरी दिवसांनी हसले.

प्रॅक्टिकलच्या दिवशीही सकाळी कुणाची तरी मोटार बसवून धाकटी तशीच परीक्षेला आली. बोर्डाची जोडणी तिनं सगळ्यांच्या आधी पुरी केली. परीक्षक मान डोलावत होते. वीज सोडली, तर एक दिवा लागेना. आता रीत काय? आधी मेन बंद, मग टेस्टर, मग हात. मी खिशात सावरून बसलो होतो. तिचा हात खिशाकडे आलाच नाही. मेन चालूच, आणि हिनं बोटाची पाठ तारेला टेकवली.

परीक्षकांनीच धावत येऊन मेन पाडला. आवाज चढवला नाही. "हे कुठं शिकलीस?"

"कामावर, सर."

"कारखान्याच्या लाइनवर असं केलंस तर जिवंत घरी जाणार नाहीस. मी तुला पास करू शकत नाही."

मला त्यांचा राग आला. ते खरं बोलत होते, म्हणून जास्तच आला.

नोकरी गेली. आई म्हणाली, "पुढच्या खेपेला होशील." वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकांना फार लागलं. त्यांनी तिला दिवसभराचं काम दिलं; त्यांच्या हातात तेवढंच होतं.

आता फेरपरीक्षा तोंडावर आलीय. उन्हाळा असल्यानं दुकानात पंख्यांचा ढीग पडलाय, पुस्तक उघडायला फुरसत नाही. येता-जाता ती पुटपुटते, "मेन बंद, टेस्टर, मग हात." तोंड हे म्हणतं, आणि बोट मात्र जिथं तिथं पाठ टेकवतच असतं.

माझी गत कुणाला ठाऊक नाही. मध्यंतरी ती शिडीवरून उतरताना मी खिशातून फरशीवर आपटलो. तिनं उचललं, पुसलं, परत ठेवलं. वरून ओरखडासुद्धा नाही, पण आतला दिवा गेलाय. तारेत वीज असली तरी मी लागत नाही. परीक्षेत चुकून भलताच स्विच पाडला गेला आणि तार चालूच राहिली, तर ती मला तारेला लावेल, मी गप्प राहीन आणि माझ्या भरवशावर ती हात घालेल. या विचारानं मला चैन पडत नाही.

पोरी, मला फेकून दे. नवा घे, चांगल्यातला घे, मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही. पण मी गेलोय हे कळायला तरी एकदा मला खिशातून काढ.